नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम? आहाराचे ऑनलाइन दावे तपासायची रीत

‘नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम असतं.’ हे वाक्य रील्समध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर, सत्त्वाच्या पाकिटावर, सगळीकडे भेटतं. आणि ते खोटं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (एनआयएन) २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकात १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलंय आणि १०० ग्रॅम गाईच्या दुधात ११८. भागाकार करा, तिप्पट येतं.

आता हाच आकडा ताटात आणून बघा. एका मध्यम भाकरीला ४० ते ५० ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे १४५ ते १८० मिलिग्रॅम कॅल्शियम. एक पेला दूध म्हणजे २०० मिली, त्यात साधारण २४०. एक भाकरी आणि एक पेला यांत दूधच पुढे आहे. बाळाच्या सत्त्वाला जेमतेम १५-२० ग्रॅम पीठ घेतात. त्यात ५५ ते ७५ मिलिग्रॅम. त्यातून नाचणीत फायटेट आणि ऑक्झलेट असतात आणि ती कॅल्शियमचा काही भाग शरीराला मिळू देत नाहीत. नाचणी चांगलीच आहे, रोज खावी. पण ‘दूध बंद करा, सत्त्व पुरतं’ हा निष्कर्ष त्या ३६४ मधून निघत नाही.

आहाराबद्दलची दिशाभूल बहुतेक वेळा अशीच असते. आकडा खरा, माप चुकीचं. म्हणून ‘हे खरं की खोटं?’ असं विचारण्याआधी ‘किती खाल्ल्यावर?’ हे विचारायची सवय लावून घ्या. निम्मे दावे तिथेच गळतात.

दावा आधी कागदावर मोडून लिहा

कोण सांगतंय हे नंतर बघू. आधी दाव्यातून पाच गोष्टी काढा: पदार्थ कोणता आणि कोणत्या रूपात, रोज किती, कोणी खायचा, किती दिवस, आणि त्याने नेमकं काय मोजता येण्यासारखं बदलणार. उदाहरणार्थ ‘मेथीचं पाणी शुगर कमी करतं’ हे घ्या. मेथी चमचाभर की मूठभर? नुसतं पाणी प्यायचं की दाणेही चावून खायचे? (हा फरक मोठा आहे, कारण मेथीतला चोथा दाण्यात राहतो, पाण्यात फारसा उतरत नाही.) उपाशीपोटीची शुगर की जेवणानंतरची? गोळ्या चालू असलेल्यांची की नसलेल्यांची? पाचपैकी तीन जागा कोऱ्या राहिल्या तर तपासण्यासारखं काही उरलंच नाही. पुढे स्क्रोल करा.

‘इम्युनिटी बूस्ट होते’, ‘शरीर डिटॉक्स होतं’, ‘चरबी वितळते’ या दाव्यांत शेवटची जागा कायम कोरी असते. कोणत्या तपासणीत काय बदललेलं दिसेल हे सांगणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कोष्टक कसं वाचायचं

भारतीय पदार्थांसाठी पहिला आधार एनआयएनचं २०१७ चं कोष्टक. त्यात ५२८ खाद्यपदार्थांची मोजणी आहे. याच संस्थेचं ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ हे अ‍ॅपही आहे. कोष्टक उघडताना चार ठिकाणी हमखास घसरायला होतं.

पहिलं, आकडे कच्च्या पदार्थाचे असतात. तूरडाळीत १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन आहे, म्हणून ‘एक वाटी वरणात २२ ग्रॅम प्रोटीन’ असं लिहिणारे भरपूर सापडतील. वाटीभर वरणात डाळ असते २५-३० ग्रॅम, बाकी पाणी. हाती येतं साडेपाच ते साडेसहा ग्रॅम. सोयाचंक्सचे ५२ ग्रॅमही कोरड्या १०० ग्रॅमचे. भिजून फुगलेल्या वाटीचे नव्हेत. वाळवलेल्या पाल्याच्या पावडरीची तुलना ताज्या फळाशी किंवा दुधाशी केली की ‘सात पट’, ‘सतरा पट’ असे आकडे सहज निघतात, कारण पाणी काढून टाकल्यावर उरलेलं सगळंच दाट होतं. पावडर मात्र आपण चमचाभरच खातो, म्हणजे तीनेक ग्रॅम.

दुसरं, एककं. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे. प्रोटीनच्या बाबतीत किलो आणि पाउंडची गल्लत रोजची. भारतीय प्रौढांसाठी शिफारस वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. अमेरिकी जिमवाल्यांचं ‘पाउंडामागे १ ग्रॅम’ त्याच माणसाला १३२ वर नेऊन ठेवतं. व्यायाम करणाऱ्याला ५० पेक्षा जास्त लागू शकतं, पण आपण कोणत्या मापाने मोजतोय हे माहीत हवं. ‘कप’चंही तेच. अमेरिकी कप २४० मिलीचा, आपली आमटीची वाटी बहुधा १५० च्या आसपासची.

तिसरं, रोजची गरज देशागणिक वेगळी धरलेली असते. भारतीय स्त्रीसाठी लोहाची शिफारस २९ मिलिग्रॅम आहे आणि अमेरिकेतल्या पाकिटावरचे टक्के १८ वरून काढलेले असतात. आपलं जेवण धान्य-डाळीचं, त्यातलं लोह कमी शोषलं जातं, म्हणून आपला आकडा मोठा. न्यू जर्सीतल्या मावशींनी पाठवलेल्या डब्यावरचं ‘५० टक्के’ म्हणजे ९ मिलिग्रॅम. इकडच्या हिशेबाने ते तीसएक टक्केच भरतं.

चौथं, दोन कोष्टकं तंतोतंत जुळत नाहीत. जुन्या पुस्तकांत बाजरीत लोह ८ मिलिग्रॅम होतं, २०१७ च्या मोजणीत साडेसहाच्या खाली आहे. वाण, जमीन आणि मोजायची पद्धत बदलली की एवढा फरक पडतोच, त्यावरून कोणाला खोटं ठरवू नका. आकडा पाचपट-दहापट निघाला तर मात्र एकक किंवा दशांशचिन्ह तपासा.

एक दावा शेवटपर्यंत: ‘गूळ खा, रक्त वाढेल’

पदार्थ गूळ, रूप खडा, प्रमाण साधारण १० ग्रॅम, व्यक्ती हिमोग्लोबिन कमी असलेली बाई, बदलायचं ते हिमोग्लोबिन. पाचपैकी चार जागा भरल्या, म्हणजे तपासता येईल.

वेगवेगळ्या कोष्टकांत १०० ग्रॅम गुळात लोह अडीच ते साडेचार मिलिग्रॅम मिळतं. वरचा आकडा धरू. १० ग्रॅमच्या खड्यात ०.४५ मिलिग्रॅम. गरज २९. म्हणजे दीड टक्का. सगळं लोह गुळातूनच घ्यायचं ठरवलं तर रोज सहाशे ग्रॅमहून जास्त गूळ लागेल आणि त्याबरोबर दोन हजारांवर कॅलरी येतील. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गर्भवतीला रोज दिली जाते त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. खडा आणि गोळी यांच्यात शंभरपटीहून जास्त अंतर आहे.

निष्कर्ष: गुळात लोह आहे हे खरं, त्याने अ‍ॅनिमिया बरा होतो हे नाही. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर खड्यावर वेळ काढणं म्हणजे औषध लांबवणं. स्वयंपाकघरातला खरा उपयोगी बदल वेगळाच आहे: पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. क जीवनसत्त्वाने लोहाचं शोषण वाढतं, चहातल्या टॅनिनने घटतं. या सल्ल्यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून त्याची रील फारशी फिरत नाही.

आकड्यात आणखी एक फसगत असते ती शोषणाची. पालकातलं कॅल्शियम कोष्टकात चांगलं दिसतं, पण ऑक्झलेटमुळे त्यातलं पाचएक टक्केच शरीर घेतं. दुधातलं तीस टक्क्यांच्या आसपास. ‘पालकात भरपूर कॅल्शियम’ म्हणणाऱ्याने हे सांगितलं नसेल तर त्याने कोष्टक अर्धंच वाचलंय.

पालकावरून आठवलं. ‘पालकात लोह भरपूर हा गैरसमज एका जर्मन शास्त्रज्ञाच्या चुकलेल्या दशांशचिन्हामुळे पसरला’ ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. ब्रिटिश अभ्यासक माइक सटन यांनी २०१० साली तिचं मूळ शोधलं, तर त्या दशांशाच्या चुकीचाच पुरावा मिळेना. गैरसमज खोडून काढणाऱ्या पोस्टलाही तीच चाळणी लावायची.

वजनाचे दावे: एक भागाकार पुरतो

एक किलो शरीरातली चरबी जायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. ‘७ दिवसांत ७ किलो’ म्हणजे रोज ७,७०० ची तूट. ऑफिसात बसून काम करणारा माणूस दिवसभरात दोन हजारांच्या आसपास खर्च करतो. काहीच खाल्लं नाही तरी हिशेब बसत नाही. मग काट्यावर जे उतरतं ते काय? भात-पोळी एकदम बंद केली की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपतो आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी जातं. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो कमी दिसतात, भाकरी सुरू केली की परत येतात. ‘आधी-नंतर’चे फोटो बहुधा याच आठवड्यातले.

मधुमेहाच्या पोस्टमध्ये असाच एक धागा पकडता येतो. एचबीए१सी ही तपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते. ‘१५ दिवसांत एचबीए१सी ९ वरून ६’ असं कोणी सांगत असेल तर त्याला तपासणी काय मोजते हेच ठाऊक नाही, किंवा तुम्हाला ठाऊक नसेल असं त्याने धरलंय.

‘संशोधनात सिद्ध झालंय’

सिद्ध झालंय म्हणणाऱ्याने पेपरची लिंक दिली आहे का ते बघा. नसेल तर पबमेडवर (वैद्यकीय संशोधनाचे पेपर शोधायची मोफत वेबसाइट) इंग्रजीत पदार्थाचं आणि आजाराचं नाव टाका, डावीकडच्या फिल्टरमध्ये ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ आणि ‘रँडमाइझ्ड कंट्रोल्ड ट्रायल’ निवडा. पूर्ण पेपर वाचायची गरज नाही. गोषवाऱ्यातला पद्धतीचा परिच्छेद वाचला की भागतं. तिथे चार गोष्टी शोधा.

१. कोणावर? काचेच्या बशीतल्या पेशी, उंदीर की माणसं? बशीत कॅन्सरच्या पेशी व्हिनेगरनेही मरतात.

२. किती जणांवर आणि किती दिवस? बारा-पंधरा जण आणि तीन आठवडे असतील तर तो फक्त अंदाज समजा.

३. कशाच्या तुलनेत? तुलनेला दुसरा गट नसेल तर फरक पदार्थाने पडला की रोज तपासणी होतेय म्हणून लोक नीट जेवायला लागले, हे कळायला मार्ग नाही.

४. किती मात्रेने? हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं. अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळदीत ४५ मिलिग्रॅम. प्रयोग बहुतेक ५०० ते १,००० मिलिग्रॅम कर्क्युमिनच्या कॅप्सूलचे असतात. त्या प्रयोगाचा निकाल हळदीच्या दुधाला चिकटवता येत नाही. आणि उलटही खरं: दूध-हळद निर्धोक आहे म्हणून मिरीच्या अर्कासकटची कॅप्सूल निर्धोक ठरत नाही; अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

लहान प्रयोगाचं काय होतं याचा धडा २०१५ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम घालून दिला. पंधरा जण, तीन आठवडे, आणि प्रत्येकाची वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशी १८ मोजमापं. एवढ्या कमी लोकांवर इतकं काही मोजलं की एखादा फरक नशिबानेच ‘लक्षणीय’ निघतो. निघाला तो असा: चॉकलेट खाणाऱ्यांचं वजन जास्त लवकर उतरलं. पैसे भरून तो पेपर एका जर्नलमध्ये छापून आला आणि अनेक देशांतल्या वर्तमानपत्रांनी बातमी उचलली. प्रयोग खरोखर झाला होता, आकडेही खरे होते. पेपरवर ज्या संस्थेचं नाव होतं ती मात्र नुसती वेबसाइट होती. बातमी छापताना किती जणांवर प्रयोग झाला हे विचारायचं मात्र बहुतेकांच्या मनात आलं नाही.

टक्केवारीच्या मथळ्यांना एकच प्रश्न: कशाचे टक्के? ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सांगितलं की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. समजा, शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात तो होणार असेल, तर १८ टक्के वाढ म्हणजे पाचाचे जवळपास सहा. ‘सॉसेज सिगारेटइतकं घातक’ हा मथळा त्याच बातमीतून आला, कारण त्या संस्थेच्या कॅन्सरकारक गोष्टींच्या यादीत दोन्ही एकाच वर्गात आहेत. तो वर्ग पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही.

आता माणूस बघा

नावापुढचं ‘डॉ.’ पुरेसं नाही. ते पीएचडीचं असतं, फिजिओथेरपीचं असतं, दंतवैद्यकाचंही असतं. अ‍ॅलोपॅथीचा डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत नाव सापडायला हवं. आहारतज्ज्ञाच्या बाबतीत पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि आरडी (रजिस्टर्ड डाएटिशियन) आहे का ते विचारा. आठवड्याभराच्या ऑनलाइन कोर्सचं ‘सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट’ वेगळं. ग्राहक व्यवहार विभागाच्या ऑगस्ट २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आरोग्याविषयी सल्ला देणाऱ्या प्रमाणित तज्ज्ञांनी आपण तसे आहोत हे सांगायला हवं आणि स्वतःला तज्ज्ञ म्हणून पुढे करणाऱ्या इन्फ्लुएन्सरने हा वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट करायला हवं.

मग खाली बघा: डिस्काउंट कोड, ‘लिंक बायोमध्ये’, पेड पार्टनरशिपची पट्टी. विकणारा खोटंच बोलतो असं नाही, पण ‘तुम्हाला याची गरज नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून सहसा येत नाही. चांगल्या सल्लागाराची खूण अशी की तो कोणी खाऊ नये तेही सांगतो.

फॉरवर्ड, स्क्रीनशॉट आणि एआय

मोठ्या रुग्णालयाचं नाव हा फॉरवर्डचा आवडता शिक्का. गरम नारळपाण्याने कॅन्सर बरा होतो हा मेसेज टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांच्या नावाने वर्षानुवर्षे फिरला. रुग्णालयाने तो आपला नसल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये हळद, कडुनिंब आणि साखर-दूध बंद केल्याने चौथ्या स्टेजचा कॅन्सर गेल्याचा व्हिडिओ गाजला, तेव्हा टाटा मेमोरियलशी संबंधित २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी सहीनिशी पत्रक काढून त्याला पुरावा नसल्याचं सांगितलं. नाव आलं की थेट त्या संस्थेच्या साइटवर जाऊन शोधा. तिथे नसेल तर मेसेज त्यांचा नाही असं धरून चाला.

स्क्रीनशॉट खरा असूनही शिळा असू शकतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २१ ऑगस्ट २०२४ ला दुधाच्या पाकिटावरून ए१-ए२ (दुधातल्या प्रथिनाचे दोन प्रकार) हे दावे काढायला सांगितलं आणि २६ ऑगस्टला तो आदेश मागे घेतला. पहिल्या बातमीचं कात्रण आजही कोणी पाठवलं तर ते बनावट नसेल, अर्धवट असेल. सरकारी आदेशाची पोस्ट आली की तारीख बघून ‘मागे घेतला’ हे शब्द जोडून एकदा शोध घ्यायचा.

एआयला विचारत असाल तर उत्तरातला प्रत्येक आकडा कोष्टकाशी ताडून घ्या आणि त्याने दिलेला पेपर स्वतः उघडा. अस्तित्वातच नसलेल्या पेपरची शीर्षकं ही यंत्रं बेमालूम बनवतात. आणि कच्चं-शिजलेलं या घोळात तीही आपल्यासारखीच सापडतात.

जिथे ‘करून बघायला काय जातंय’ चालत नाही

बहुतेक चुकीच्या सल्ल्यांनी फार तर पैसे जातात. काहींनी जीव जाऊ शकतो. दुधीचा रस त्यातला एक. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुरबिटासिन हे विष असतं. उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव इथपर्यंत जातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तज्ज्ञ समितीने सांगितलंय की रस काढण्याआधी तुकडा चाखून बघा, कडू लागला तर फेका, दुसऱ्या रसात मिसळू नका, आणि पिऊन त्रास झाला तर लगेच रुग्णालय गाठा. ‘कडू तितकं गुणकारी’ हा घरोघरचा समज इथे घातक आहे.

किडनीचा आजार असेल तर नारळपाणी, लो-सोडियम मीठ आणि स्टारफ्रूट डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. पहिल्या दोन्हींत पोटॅशियम जास्त असतं. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्याने पालेभाज्या एकदम वाढवू नयेत की बंद करू नयेत, रोजचं प्रमाण सारखं ठेवावं. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असताना अचानक उपवासाचा प्लॅन सुरू केला तर शुगर घसरते. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, मग सल्ला आजीचा असो की चॅनेलचा. या मंडळींनी दावा तपासत बसू नये. डॉक्टरला विचारावं, आणि चालू औषध बंद करायला सांगणारी पोस्ट पहिल्या ओळीतच बाद करावी.

मधुमेह, कॅन्सर, लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याखाली मुळातच निषिद्ध आहे. अशी जाहिरात दिसली तर तारीख आणि अकाउंटचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, लिंक कॉपी करा (पोस्ट नंतर उडवतात) आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पाकीटबंद खाद्यपदार्थ असेल तर त्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांकही लिहून ठेवा. तक्रार करताना लागतो.